दर लाखी किती आणि किती वर्षं?

1980च्या दशकात मुंबईच्या पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन एक पाहणी झाली. मेंदूचा किंवा चेतासंस्थेचा आजार घरात कुणाला आहे का, हे विचारायचं आणि संशय आला तर न्यूरॉलॉजिस्टनी त्या माणसाला तपासायचं. 14,010 माणसांमध्ये पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, 46 रुग्ण निघाले, म्हणजे दर लाखी 328. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आकडा 1988 साली प्रसिद्ध केला. भारतात तोवर नोंदला गेलेला एवढा मोठा आकडा दुसरा नव्हता. त्याच दशकात, 1986 साली, काश्मीरच्या ग्रामीण भागात साठ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिथे हेच प्रमाण दर लाखी 14 निघालं.

देश एक, दशक एक, आजार एक आणि आकड्यांत तेवीस पटींचा फरक! तो कुठून आला याचा माग काढू लागलं, की पार्किन्सन्सबद्दलची एक विलक्षण गोष्ट हाती लागते. हा आजार किती जणांना आहे आणि माणसं किती जगतात, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढून सोडवताच येत नाहीत. एकाचं उत्तर शोधायला बसावं, तर दुसऱ्याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पहिली किल्ली वयाची. जगभरच्या पाहण्या एकत्र करून 2014 साली काढलेले आकडे असे आहेत : 40 ते 49 या वयोगटात दर लाखी 41 रुग्ण, 50 ते 59मध्ये 107, 60 ते 69मध्ये 428, 70 ते 79मध्ये 1,087 आणि ऐंशीच्या पुढे 1,903. म्हणजे चाळिशीतल्या अडीच हजारांत एखादा आणि ऐंशी ओलांडलेल्या पन्नासेक जणांत एक. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा आजार साधारण दीडपट आढळतो, पण वयाच्या फरकापुढे तोही फरक किरकोळ वाटावा.

आता पारशी समाजाकडे पाहा. 2001च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं सात टक्क्यांच्या आसपास होती, पारशी समाजात ती सुमारे 31 टक्के होती. भरुचांच्या पथकाने आपला आकडा अमेरिकेच्या 1960 सालच्या, तुलनेने तरुण लोकसंख्येच्या वयोमानाला जुळवून पाहिला, तेव्हा 328चे 192 झाले. रुग्ण तेच होते. नुसतं दीर्घायुष्य हिशेबातून वगळलं तर आकडा एवढा खाली आला. काश्मीरच्या खेड्यांत त्या काळी म्हातारपणापर्यंत पोचणारी माणसंच कमी होती. जी पोचली, त्यांच्यातल्या किती जणांचा आजार ‘वय झालं’ म्हणून घरातच झाकला गेला असेल, याची नोंद कोणत्याही पाहणीत सापडायची नाही.

झाकला जाणं सोपंही आहे, कारण हा आजार आजही मुख्यतः डोळ्यांनीच ओळखतात. मधुमेहाला जशी रक्तातली साखर, तशी रोजच्या दवाखान्यात करता येईल अशी सोपी तपासणी पार्किन्सन्सला नाही. न्यूरॉलॉजिस्ट समोरच्या माणसाला सांगतात, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवत राहा, शक्य तितकी मोठी उघडझाप करा, शक्य तितक्या वेगाने. पहिल्या पाचसहा वेळा बोटं चांगली फाकतात. मग अंतर कमी होऊ लागतं, लय अडखळते आणि बोटं मध्येच थबकतात. माणूस तर सगळा जोर लावत असतो. मग हात मांडीवर सैल ठेवायला सांगतात. काही न करणाऱ्या त्या हाताला सेकंदाला चार ते सहा वेळा कंप सुटतो आणि कप उचलायला हात पुढे केला, की तो कंप पळभर नाहीसा होतो. हीच खूण महत्त्वाची. काम करताना हात थरथरणं हा बहुधा वेगळाच विकार असतो आणि तो पार्किन्सन्सपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असतो. एखादं वाक्य चारपाच वेळा लिहायला सांगितलं, तर प्रत्येक ओळीला अक्षर बारीक होत जातं. आणि कित्येक रुग्णांना कंप कधीच येत नाही. नुसती हालचाल मंदावते आणि अंग ताठरतं. अशा माणसाचं निदान चुकायला वेळ लागत नाही.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सननेही तो असाच, नजरेने पकडला. लंडनच्या हॉक्स्टन भागातला हा डॉक्टर. 1817 साली त्याने या आजारावर एक निबंध छापला. त्यात फक्त सहा माणसांचं वर्णन आहे आणि त्यातल्या तिघांना त्याने केवळ रस्त्यात पाहिलं होतं, एकाला तर लांबूनच. तेवढ्यावरून पुढे झुकलेली चाल, विसावलेल्या हाताचा कंप आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाणारा त्रास हे सगळं त्याने असं टिपलं, की दोनशे वर्षांनंतरही ते वर्णन खरं वाटतं. त्याचा जन्म 11 एप्रिलचा, म्हणून तो दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात.

शरीराच्या आत काय घडतं, ते दिसायला पुढे शंभर वर्षं जावी लागली. मेंदूच्या मध्यभागाचा आडवा छेद घेतला तर दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो. सबस्टॅन्शिया नायग्रा हे त्याचं नाव. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि वयाबरोबर एक काळं रंगद्रव्य साठवत जातात. पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या मेंदूत हे पट्टे फिके पडलेले असतात, कारण त्या पेशीच मेलेल्या असतात. माणसाच्या मेंदूत 86 अब्जांच्या आसपास चेतापेशी असतात आणि या पट्ट्यांतल्या डोपामिन पेशी जेमतेम काही लाख. एवढ्याशा पेशींच्या जोरावर आपण शर्टाचं बटण लावतो, जिना उतरतो, नातवाकडे बघून हसतो. आणि लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास संपलेल्या असतात. उरलेल्या पेशी तोवर सगळं सांभाळून नेतात, तेही कुणाला काही कळू न देता.

आता जगाचा हिशेब. 1990 साली जगात पार्किन्सन्सचे अंदाजे 25 लाख रुग्ण होते. 2016 साली 61 लाख झाले. 2019 साली 85 लाखांवर गेले आणि 2021चा अंदाज 1 कोटी 18 लाखांच्या घरातला आहे. या वाढीत मोजण्याच्या सुधारलेल्या पद्धतींचाही वाटा आहे. 2050पर्यंत हा आकडा अडीच कोटींवर जाईल असं भाकीत 2025 साली प्रसिद्ध झालं. हे वाचून एखादी साथच आल्यासारखं वाटतं. काही जाणकार तसा शब्द वापरतातही. कीटकनाशकं आणि कारखान्यांतली काही रसायनं यांच्याकडे ते बोट दाखवतात आणि त्या शंकेला आधार आहे. तरी 1990 ते 2016 या काळात रुग्णांची संख्या जवळजवळ अडीचपट झाली असताना, वयोमानाचा परिणाम वगळला तर प्रमाण साधारण 22 टक्क्यांनीच वाढलं होतं. बाकीची वाढ मुख्यतः लोकसंख्या वाढल्याची आणि माणसं म्हातारी होऊ लागल्याची होती.

आणखीही एक गंमत या हिशेबात आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची पातळी दोन गोष्टींनी वाढते : आत येणारं पाणी वाढलं तर, किंवा बाहेर जाणारं कमी झालं तर. रुग्णांची संख्या ही तशी पातळी आहे. नवे रुग्ण आत येतात, मृत्यू पावणारे बाहेर जातात. समजा दरवर्षी तेवढेच नवे रुग्ण आले, पण आजार झालेला माणूस दहाऐवजी वीस वर्षं जगू लागला, तर रुग्णांचा आकडा दुप्पट दिसेल. म्हणजे फुगलेल्या आकड्याचा एक भाग ही चक्क चांगली बातमी असते.

ती बातमी किती चांगली आहे हे कळायला 1967 सालचा एक शोधनिबंध वाचावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट होन आणि मेल्व्हिन यार या दोघांनी 1949 ते 1964 या काळातल्या शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांनी ठरवलेल्या आजाराच्या पाच पायऱ्या न्यूरॉलॉजिस्ट आजही वापरतात. होन आणि यार यांना असं आढळलं, की त्याच वयाच्या इतर माणसांच्या तुलनेत या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ तिप्पट आहे. नेमक्या त्याच वर्षी, 1967 साली, जॉर्ज कोट्झियास यांनी मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते डोपा हे औषध हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत दिलं तर जखडलेली माणसं उठून चालू लागतात हे दाखवून दिलं. मृत्यूच्या तिप्पट प्रमाणाची नोंद छापली जात होती, तेव्हाच ती जुनी होऊ लागली होती.

या औषधाच्या गोष्टीत मुंबई आहे, सह्याद्रीही आहे. सर्पगंधेच्या मुळ्या आपल्याकडे पूर्वापार औषधात वापरत. मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे जगापुढे ठेवलं. 1952 साली सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनमधल्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांनी डोपा टोचला आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. ही 1957 सालची गोष्ट. मेंदूत डोपामिनला स्वतःचं काम असतं हे त्यातून उमगलं आणि त्यासाठी कार्लसन यांना 2000 सालचं नोबेल मिळालं. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी 1960 साली पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ असल्याचं सिद्ध केलं आणि 1961 साली तिथेच रुग्णांना डोपाची पहिली इंजेक्शनं दिली गेली. हाच डोपा 1937 साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून वेगळा काढला होता. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर चढणारी, शेंगेवरची लव लागली की अंगाची आग करणारी ती खाजकुहिली! कंपवातावर आयुर्वेद तिचं बी वापरत आला आहे. मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने 1978 साली या बियांचा पार्किन्सन्सवरचा उपयोग तपासून छापला. पण म्हणून कुणी बाजारातलं चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये. त्यात डोपा किती आहे याचा नेम नसतो आणि चालू गोळ्यांशी त्याचं गणित बिघडतं.

लेव्होडोपा, म्हणजे औषध म्हणून दिला जाणारा डोपा, आल्यावर ते तिपटीचं प्रमाण खाली आलं. अलीकडच्या अनेक अभ्यासांची सरासरी काढली तर ते दीडपटीच्या आसपास येतं. हा ‘दीडपट’ नीट समजून घ्यायला हवा, कारण तो ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आयुष्य तेवढ्या पटीने घटतं असा त्याचा अर्थ मुळीच नाही. समजा एखाद्या वयाच्या एक हजार माणसांपैकी वर्षभरात 20 जण जातात. मग त्याच वयाच्या, पार्किन्सन्स असलेल्या हजारांपैकी 30 जण जातील. वर्षाअखेरीस पहिल्या गटात 980 माणसं हयात असतील आणि दुसऱ्यात 970. दरवर्षीचा हा छोटा फरक साचत जातो, म्हणून शेवटी तो वर्षांत मोजावा लागतो.

तो वर्षांत मोजणारं ब्रिटनमधलं एक गणित 2007 साली प्रसिद्ध झालं. आजार 25 ते 39 या वयात सुरू झाला, तर पुढे सरासरी 38 वर्षांचं आयुष्य. त्या वयाच्या इतरांना 49. सुरुवात 40 ते 64मध्ये झाली तर 21 वर्षं, इतरांना 31. पासष्टीनंतर झाली तर 5, इतरांना 9. यात लपवण्यासारखं काही नाही, आजार आयुष्यातली काही वर्षं नेतो. पण ही सरासरी आहे आणि सरासरीच्या पलीकडे फार मोठं मैदान पसरलेलं आहे. मुहम्मद अली यांचं निदान 1984 साली, वयाच्या 42व्या वर्षी झालं. 1996 साली अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत त्यांनी थरथरत्या हाताने पेटवली आणि ते गेले 2016 साली, 74व्या वर्षी. निदानानंतर 32 वर्षं! अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांचं निदान 1991 साली, वयाच्या 29व्या वर्षी झालं. त्यांनी साठी ओलांडली आहे.

मग कुणाचं आयुष्य आखडतं आणि कुणाचं नाही? स्वीडनमधल्या उमेओ भागात नव्याने निदान झालेल्या रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष 2018 साली छापून आले. निदानाच्या वेळी ज्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती शाबूत होती, त्यांचं आयुर्मान जवळजवळ इतरांइतकंच होतं. आयुष्य घटलं ते मुख्यतः ज्यांच्या बुद्धीवर सुरुवातीलाच परिणाम झाला होता त्यांचं. म्हणजे एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळे प्रवास असतात. शेजारच्या आजोबांचं काय झालं त्यावरून आपल्या वडिलांचं भविष्य बांधू नये.

मुळात, कंपामुळे कुणी मरत नाही. जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा दोन वाटांनी. गिळणं मंदावतं, घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. किंवा तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि अंथरूण धरलं जातं. या दोन्ही वाटांवर पहारा देता येतो. जेवताना ताठ बसवणं, घाई न करणं, ठसका वारंवार लागू लागला तर गिळण्याची तपासणी करून घेणं. न्हाणीघरात आधाराचा दांडा, पाय घसरणार नाही अशी फरशी, रोजचा व्यायाम. आयुष्याची वर्षं इथे, अशा साध्या गोष्टींत वाचतात.

आणि ही वर्षं मोजायची तरी कुठून? पार्किन्सन्सची सुरुवात कंपाच्या कितीतरी आधी झालेली असते. वास येईनासा होणं, हटवादी बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं किंवा ओरडणं, या गोष्टी निदानाच्या दहा-दहा, वीस-वीस वर्षं आधी सुरू झालेल्या असू शकतात. यातली एखादी खूण दिसली म्हणून घाबरण्याचं कारण नाही, बद्धकोष्ठ तर घरोघरी असतं. पण आजाराचा आरंभ किती मागे असू शकतो, ते पाहून थक्क व्हायला होतं. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला आपल्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्याच्या निदानाच्या बऱ्याच वर्षं आधी जाणवलं होतं. एडिंबरा विद्यापीठात त्यांना बारा जणांनी घातलेले टीशर्ट हुंगायला दिले. सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. सगळे रुग्ण त्यांनी बरोबर ओळखले, फक्त निरोग्यांपैकी एकालाही रुग्ण म्हटलं. आठ महिन्यांनी त्या ‘निरोगी’ माणसाला पार्किन्सन्सचं निदान झालं. पुढे मँचेस्टरच्या संशोधकांनी त्वचेवरच्या तेलकट द्रवात त्या वासाची रसायनं शोधून काढली. उद्या आजार इतक्या आधी ओळखता येऊ लागला, तर रुग्णांचा आकडा एका रात्रीत वाढेल आणि आजारासह जगण्याची वर्षंही. माणसं मात्र तीच असतील.

भारतात 2016 साली पार्किन्सन्सचे सुमारे 5 लाख 80 हजार रुग्ण असल्याचा अंदाज होता. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हा आकडा लहान वाटतो आणि तो असाच राहणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला पोचलं आहे. मुंबईच्या पारशी कॉलन्यांत 1980च्या दशकात जे दिसलं, ते आता सातारा, लातूर, नागपूर, मडगाव इथल्या घराघरांत दिसू लागेल. त्याची तयारी करणारी माणसं आपल्यात आहेत. मुंबईत पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथे शुभार्थी एकमेकांना गोळ्यांच्या वेळांपासून सहलींपर्यंत सगळं सांगतात. पुण्यातच हृषीकेश पवार यांनी शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग चालवले. चालताना अडखळणारी पावलं तालावर मोकळी होतात, हे तिथे अनेकांनी पाहिलं आहे.

तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाचा चालताना एकच हात हलत नसेल, सही बारीक होत चालली असेल, चेहऱ्यावरचं हसू कमी झालं असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या, कारण उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनीही अशीच लक्षणं दिसतात आणि ती गोळी बदलली की बहुतेकदा जातात. निदान पक्कं झालं, तर गोळ्या घड्याळ लावून वेळेवर द्या, व्यायाम एक दिवसही चुकवू नका, पडण्याला आणि ठसक्याला जपा आणि जवळच्या मित्रमंडळात नाव घाला. ‘आता किती वर्षं?’ हा प्रश्न मनात येणारच. आजच्या औषधांच्या काळात त्याचं उत्तर बहुतेकांसाठी बरीच वर्षं असं आहे, आणि ती वर्षं कशी जातील यातलं पुष्कळसं घरच्यांच्या हातात आहे.